कुत्रे दत्तक घेणे : एका कल्पनेचा इतिहास

ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपुरात एका शब्दावरून बरीच चर्चा झाली. तो शब्द म्हणजे 'दत्तक'. मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवासंबंधीची एक जनहित याचिका २००६ सालापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होती. त्या याचिकेत २० ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने असे म्हटले की, ज्यांना रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी आधी ती कुत्री दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत, महापालिकेकडे त्यांची नोंद करावी किंवा त्यांना एखाद्या निवाऱ्यात ठेवावे. नियम मोडणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खाऊ घालणाऱ्याने कुत्रे दत्तक घेतलेच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी आदेशाच्या त्या भागाला स्थगिती दिली.

त्याच हिवाळ्यात आमच्या घरी एक कुत्री दत्तक आली. तिच्या येण्याला न्यायालयाचा आदेश कारण नव्हता, घरातल्या मुलीचा हट्ट कारण होता. पण या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्यामुळे आमच्या मनात काही प्रश्न उभे राहिले. रस्त्यावरचे कुत्रे 'दत्तक' घ्यायचे ही कल्पना आली कोठून? ती किती जुनी आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्यामुळे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सुटतो का? या लेखात आपण या प्रश्नांचा मागोवा घेणार आहोत.

ना घरचे, ना बेवारशी

आपल्याकडे कुत्र्यांचे दोन नव्हे तर तीन प्रकार पूर्वीपासून आहेत. एक पाळलेले, दुसरे रानात भटकणारे आणि तिसरे गल्लीचे. हा तिसरा प्रकार मोठा विलक्षण आहे. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, त्याची कोठे नोंद नसते, पण रात्री अनोळखी माणूस गल्लीत शिरला की तेच आधी भुंकते. सकाळी एका घरची शिळी पोळी, दुपारी दुसऱ्या घरचा भात, असा त्याचा संसार चालतो. दत्तात्रेयाच्या चित्रात चार कुत्री असतात. खंडोबाजवळ कुत्रा असतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीतले कुत्रे नामदेवांचे नव्हते, तरीही त्याचा भाकरीवर हक्क होता. गल्लीच्या कुत्र्याचे आपल्या समाजातले स्थान या एका गोष्टीत नेमके सापडते.

अर्थात या नात्याला दुसरीही बाजू आहे. ज्या गल्लीने पोळी टाकली, त्याच गल्लीने दगडही मारले. सर्वांचे असलेले कुत्रे आजारी पडले की कोणाचेच नसते.

दंगल आणि पांजरपोळ

ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाला हा तिसरा प्रकार कळला नाही. त्यांच्या लेखी कुत्र्याला एक तर मालक असायला हवा, नाही तर ते मोकाट आणि म्हणून मारण्यायोग्य. मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत सुरू झाली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या फोर्ट भागात लोकांचा संताप उफाळून आला. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा संस्कार आहे. त्यामुळे पारशी मंडळी पुढे होती, पण हिंदू व्यापारीही त्यांच्याबरोबर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि शेवटी लष्कराला बोलवावे लागले. ही घटना मुंबईच्या इतिहासात 'कुत्र्यांची दंगल' म्हणून ओळखली जाते.

या दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबईत पांजरपोळ स्थापन केली. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला गाई आठवतात. पण या पांजरपोळीच्या स्थापनेमागे रस्त्यावर मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांना वाचवणे हाही एक हेतू होता. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली आणि पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पांजरपोळीत आलेले जनावर बहुधा तेथेच आयुष्य काढी. त्याला पुन्हा कोणाच्या घरी पाठवायचे, हा त्या संस्थेचा उद्देश नव्हता. ती कल्पना मुख्यतः दुसऱ्या बाजूने आली. १८६० मध्ये मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर' उघडले. लोकांनी त्यांची थट्टा केली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांसाठी घर कसले, असा सूर होता. ही संस्था १८७१ मध्ये बॅटर्सी येथे गेली आणि आजही चालू आहे. तिच्या मूळ नावातला 'तात्पुरते' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्र्याने तेथे कायम राहायचे नव्हते. मूळ मालक शोधायचा, तो न मिळाल्यास नवे घर शोधायचे, ही रीत तेथे रुजली. आज आपण ज्याला कुत्रे दत्तक घेणे म्हणतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

चौदा इंजेक्शने

भारतात ही कल्पना रुजायला इतका उशीर का झाला? त्याचे एक कारण रेबीज हे आहे, आणि ते कारण खोटे नव्हते. आमच्या आजोबांना तरुणपणी कुत्रे चावले होते. पोटात घेतलेल्या चौदा इंजेक्शनांची हकीकत ते अखेरपर्यंत सांगत. मोठ्या वयाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात अशी एखादी हकीकत असेल.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजवरची लस प्रथम टोचली. भारतात कसौली येथे १९०० मध्ये आणि कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची पद्धत बसवली. ती स्वस्त होती आणि तिने असंख्य प्राण वाचवले, पण ती वेदनादायक होती आणि क्वचित मज्जासंस्थेला अपाय करी. पेशीसंवर्धनातून तयार केलेल्या आधुनिक लसी आल्यावर २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. आता दंडात थोडी इंजेक्शने घेऊन काम भागते आणि कुत्र्यालाही दरवर्षी लस देता येते. घरात रस्त्यावरचे कुत्रे आणणे शक्य झाले ते यामुळे. दयाबुद्धी पूर्वीही होती. भीती कमी करणारे साधन मात्र नव्हते.

दरम्यान नगरपालिका कुत्री मारतच होत्या आणि संख्या कमी होत नव्हती. याचे उत्तर परिसरशास्त्रात आहे. एखाद्या भागात किती कुत्री जगतील हे तेथील अन्न आणि आसरा यांवर ठरते. याला त्या भागाची धारणक्षमता म्हणतात. सावजी भोजनालयांच्या मागे पडणारी हाडे, मटण-मासळी बाजारातला कचरा, कोपऱ्यावरचा न उचललेला उकिरडा ही नागपुरातली त्याची उदाहरणे. तेथली दहा कुत्री मारली तर अन्न शिल्लक राहते. शेजारची कुत्री येतात, उरलेल्यांची पिल्ले जास्त जगतात आणि जागा भरते. मद्रासच्या 'ब्लू क्रॉस' या संस्थेचे चिन्नी कृष्णा यांनी १९६४ पासून नसबंदी व लसीकरणाचा मार्ग सुचवला. मद्रास महापालिकेने तो स्वीकारला १९९६ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात सुमारे ६५ टक्के माद्यांची नसबंदी झाली. तेव्हा तेथील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांमधील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. २००१ मध्ये देशभर हाच मार्ग सांगणारे नियम झाले आणि २०२३ मध्ये ते नव्याने काढण्यात आले. पकडा, नसबंदी करा, लस द्या आणि त्याच जागी सोडा, हे त्यांचे सार.

सांभाळघर म्हणजे काय?

अशा शस्त्रक्रियेनंतर किंवा अपघातानंतर काही कुत्री लगेच रस्त्यावर सोडता येत नाहीत. निवारे भरलेले असतात. मग एखादे कुटुंब त्या कुत्र्याला काही आठवडे आपल्या घरी ठेवते आणि त्याला कायमचे घर शोधते. यालाच 'फॉस्टर होम' म्हणतात. आम्ही त्याला 'सांभाळघर' म्हणू. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. यशोदेचे घर हे सांभाळघरच होते, आणि वेळ आल्यावर तिलाही निरोप द्यावाच लागला.

सांभाळघराचे महत्त्व केवळ सोयीचे नाही, त्याला शास्त्रीय आधार आहे. निवाऱ्यात आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल या तणावाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण अमेरिकेत १९९७ मध्ये मोजण्यात आले. पहिल्या तीन दिवसांत ते घरातल्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. २०१९ मध्ये पाच निवाऱ्यांतील २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवून कॉर्टिसॉलचे मापन झाले. घरी असताना कॉर्टिसॉल उतरले आणि निवाऱ्यात परतल्यावर पूर्वीच्या पातळीवर आले. भीतीने गोठलेले किंवा सतत भुंकणारे कुत्रे पाहून त्याचा स्वभाव ठरवणे म्हणजे परीक्षेच्या दालनात घाबरलेल्या मुलाला पाहून त्याची बुद्धी ठरवण्यासारखे आहे. कुत्र्याचा खरा स्वभाव घरातच दिसतो.

दुसरा मुद्दा वयाचा. १९६१ मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पिल्ले उंच कुंपणाच्या मैदानात माणसांपासून दूर वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत त्यांना माणसाचा सहवास दिला. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती पुढे माणसाळली नाहीत. साधारण तीन ते बारा आठवडे हा काळ त्यांच्या सामाजिक शिक्षणाचा असतो. भारतीय रस्त्यावरच्या पिल्लाला या काळात माणसे भरपूर भेटतात. त्यामुळे ते रानटी नसते. ज्याने लहानपणी प्रेम पाहिले ते जवळ येते, ज्याने दगड पाहिले ते दूर राहते.

चिंगी

आमची चिंगी मानेवाडा भागातल्या एका सांभाळघरातून जानेवारी २०२३ मध्ये आली. वय सुमारे अकरा महिने. मागच्या पायाला मोटारसायकलचा धक्का लागला होता, तो बरा झाला होता. सांभाळणाऱ्या काकूंनी निघताना एकच गोष्ट सांगितली, "हिले सकाळी पळवून आणा जी सर. बाहेर नाही पळाली, त घरात पळन."

आम्ही ते हसण्यावारी नेले. पहिल्या तीन आठवड्यांत चिंगीने चार चपला, एक उशी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याचा तपासायला आलेला प्रबंध फाडला. बोलावले की येत नसे. एकदा दार उघडे सापडताच ती थेट रस्त्यावर धावली आणि एका स्कूटरखाली येता येता वाचली. स्कूटरवरची मुलगीही पडता पडता वाचली. त्या रात्री आमच्या घरात ठरले की चिंगीला परत पाठवायचे. फोन लावला. काकू रागावल्या नाहीत. "आणून द्या," म्हणाल्या, "पण आधी सांगा, पळवली का?"

पळवली नव्हती. पट्टा बांधून दहा मिनिटे गल्लीत फिरवणे यालाच आम्ही व्यायाम समजत होतो. दुसऱ्या दिवसापासून पहाटे फुटाळ्याच्या बाजूला लांब दोरीवर पाऊण तास धावणे सुरू केले. उन्हाळ्यात तेच साडेपाचच्या आत, कारण नागपूरच्या मे महिन्यात सात वाजता डांबर तापू लागते. घरी तिचे जेवण ताटलीत न देता जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवून देऊ लागलो, म्हणजे नाकाला काम मिळे. महिनाभरात घरातली फाडाफाडी जवळजवळ थांबली.

यात चमत्कार नाही. रस्त्यावरचे कुत्रे दिवसाचा बराच वेळ झोपते हे खरे, पण उरलेल्या वेळात ते हिंडते, हुंगते, उकरते, हद्द राखते. ती सर्व कामे आपण काढून घेतो आणि शहाणे बसण्याची अपेक्षा करतो. शिवाय ते वयच तसे असते. ब्रिटनमधील २०२० च्या एका अभ्यासात असे आढळले की, पाच महिन्यांचे असताना ऐकणारी कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर आपल्या सांभाळणाऱ्या माणसाचे ऐकेनाशी होतात, परक्या माणसाचे मात्र ऐकतात. पुढे वर्षाच्या सुमारास ती पुन्हा ताळ्यावर येतात. आठवी-नववीच्या वर्गांवर शिकवणाऱ्या शिक्षकांना याचे स्पष्टीकरण द्यायला नको! नेमक्या याच वयात कुत्री परत पाठवली जाण्याचा धोका असतो. आमची फाईलही त्याच टेबलावर गेली होती.

हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दत्तक घेऊन रस्ते मोकळे होतील का?

कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या ९५ वितांमधील ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांपर्यंत, त्यांतली फक्त १९ टक्के जगली. ज्या मृत्यूंची नोंद झाली त्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंत माणसाचा हात होता. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आता हा हिशेब वर्गात करून पाहावा. ३६४ चे १९ टक्के म्हणजे सुमारे ६९. म्हणजे समजा शंभर पिल्ले दत्तक गेली, तर रस्त्यावरची भावी कुत्री कमी झाली साधारण एकोणीस, कारण बाकीची तशीही जगणार नव्हती. उरलेल्या अन्नावर त्या एकोणीस जागा इतर पिल्ले भरून काढणार. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली. एवढी घरे कोठून आणायची?

तेव्हा दत्तक घेणे हा संख्येवरचा उपाय नाही. संख्येवरचे आणि रेबीजवरचे उपाय तीनच : माद्यांची नसबंदी, दरवर्षी किमान ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस आणि वेळेवर उचलला जाणारा कचरा. हे महापालिकेचे काम आहे. ते खाऊ घालणाऱ्या एखाद्या आजीच्या माथी मारून होणार नाही. म्हणूनच दत्तक घेण्याची सक्ती आम्हाला चुकीची वाटते. सक्तीने घेतलेले कुत्रे महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर येईल, आणि तेही एका अनोळखी गल्लीत. न्यायालयापुढे आलेली लोकांची भीती मात्र खरी होती. चावलेल्या मुलाच्या आईला धारणक्षमता समजावून सांगता येत नाही. तिला कुत्र्यांपासून मुक्त शाळेचा रस्ता हवा असतो आणि तो तिचा हक्क आहे.

मग दत्तक घ्यायचे कशासाठी? त्या एका जनावरासाठी. संख्येच्या हिशेबात ते नगण्य असेल, पण अकरा महिन्यांपर्यंत जगलेले कुत्रे हे पाचातले एक असते, आणि गोंडस पिल्लू नसल्यामुळे त्याला घर मिळणे अवघड असते. शिवाय दत्तक घेतलेल्या कुत्र्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच सांगितले : इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावीत, मात्र घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची. २०२२ मधली सक्ती आणि २०२५ मधली मुभा यांत शब्द तोच आहे. फरक स्वेच्छेचा आहे.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून मोकाट कुत्री हलवावीत असेही न्यायालयाने म्हटले. त्यामुळे हा विषय आता शाळेच्या फाटकापर्यंत आला आहे. शिक्षकांना काही गोष्टी करता येतील. शाळेभोवती उघडे अन्न कोठे पडते याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. कुत्र्यांना हात न लावता दुरून आठवडाभर एकाच वेळी नोंद करावी आणि किती कुत्र्यांच्या कानाला नसबंदीची खूण आहे ते पाहावे. ती आकडेवारी प्रभागाच्या कार्यालयाला पत्राने कळवावी. आणि एक गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ हवी : कुत्रे चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, मोठ्यांना सांगायचे आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचे. हळद, चुना, मिरची लावण्यात वेळ घालवायचा नाही.

चिंगी आता पोक्त झाली आहे. पहाटेचे धावणे मात्र चुकत नाही. काकूंच्या घरी आता दुसरे कुत्रे आहे. त्यांनी फोनवर विचारले, कोणी घेणारे आहे का? आम्ही म्हणालो, आहे, पण त्यांना आधी पळायला जमते का ते विचारून सांगतो.